दैत्यसूदनाची चांदणी

डिसेंबर लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा राहत नाही. कार्डशीट, स्टीलची पट्टी, काळ्या शाईचं पेन आणि बिघडलेल्या चांदण्यांचा ढीग. खामगावच्या मावशींसाठी नाताळचं कार्ड करायचं असतं. दिवाळीला आमचा फराळाचा डबा घाट उतरतो, नाताळात त्यांच्या करंज्या घाट चढून बुलढाण्याला येतात.

आधी मी कंपासनं पाच टोकांची चांदणी काढायचो. अगदी शाळेच्या गॅदरिंगची! मग एकदा लोणारला दैत्यसूदन मंदिराला बाहेरून चक्कर मारताना लक्षात आलं, की भिंत सरळ जातच नाही. कोपरा बाहेर, कोपरा आत, पुन्हा बाहेर. या मंदिराचा तळाचा आराखडाच ताऱ्यासारखा आहे. तेव्हापासून कार्डावर चांदणी म्हणून तोच काढतो. लोणारला कितीदा गेलो, फोटो काढले. पण कोपरे किती, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वही घेऊन बसलो तेव्हा मोजावे लागले.

पाहिलेलं असं हातानं उतरवून काढायची खोड वि. श्री. वाकणकरांमुळे लागली. १९१९ साली नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस चित्रकारही होता आणि पुरातत्त्वज्ञही. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना भीमबेटकाच्या खडकांनी त्यांचं लक्ष वेधलं आणि तिथली शैलचित्रं जगापुढे आली. डोंगरांतून हिंडून त्यांनी अशा चित्रांच्या नकला हातानं उतरवल्या.

नाताळचं पहिलं छापील कार्ड मात्र घाईतून जन्मलं. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांना पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि सुमारे हजार प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग. मला एका कार्डाला तीन संध्याकाळी लागतात, आणि घरचे रोज टेबल मागतात.

गेल्या वर्षी कार्ड पोहोचल्यावर मावशींचा फोन आला. "बाळा, चांदणी एका बाजूनं फुटली का रे?"

"नाही मावशी, तिथं मंडप जोडलाय. तिकडून आत जातात."

"मग दार आहे म्हण ना."

यंदाचं कार्ड सोमवारी पोस्टात पडेल. मंडपाजवळचा एक कोपरा मला अजून पटलेला नाही. जानेवारीत पुन्हा लोणारला जाऊन तो मोजायचा आहे.