सात दिवसांचे शिबीर, शंभर वर्षांचा तलाव

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा म्हणजे वनराईने वेढलेल्या तलावाचे गाव. मातीच्या पाळीचा हा तलाव १९१७ सालचा. म्हणजे १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाहून वडील. अशा तलावांकडे आपली महाविद्यालये शिष्यभावाने कधी पाहणार, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी यांमुळे ती बारगळली. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाकाठी १२० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबीर, असे तिचे स्वरूप ठरले.

या शिबिरांची थट्टा करण्याचे कारण नाही. शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपणे, पहाटेची प्रभातफेरी, हातात फावडे घेऊन केलेले श्रमदान. शहरी मुलाच्या आयुष्यात हा संस्कार अनेकदा प्रथमच घडतो. परंतु आठव्या दिवशी बस निघून जाते, आणि गावाच्या पदरी एक अर्धवट शोषखड्डा व भिंतीवरचे घोषवाक्य उरते. मुलाला प्रमाणपत्र मिळते, आता श्रेयांकही मिळतात. गावाचे काय?

भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांची कथा येथे मुद्दाम आठवावी. कोहळी समाजाच्या कर्त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तळी खोदली, पाळी बांधल्या, पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत नेले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती जाणे न्याय्यच होते. पण तलावांची नित्याची देखभाल करणारी व्यवस्थाही तिच्याबरोबर गेली. गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, आणि ढीवर बांधवांच्या मासेमारीवर संकट आले. शासकीय योजना येतात व जातात. सातत्याने लक्ष ठेवणारा डोळा मात्र नाही.

हा डोळा महाविद्यालय होऊ शकते. एकच तलाव दहा वर्षांसाठी घ्यावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला पाण्याची पातळी मोजावी, वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी पाणवनस्पतींची नोंद ठेवावी, वाणिज्य शाखेच्या मुलांनी मच्छीमार सहकारी संस्थेला हिशेबात मदत करावी, मराठीच्या मुलींनी आजीबाईंकडून पाळ, पाणी आणि माशांचे झाडीबोलीतील शब्द टिपावेत. (यासाठी लागणारा खर्च एका स्नेहसंमेलनापेक्षा जास्त नसावा!) नोंदवही एका तुकडीने दुसरीच्या हाती सोपवावी.

२००५ पासून या विद्यापीठाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण केले आहे. ‘ग्रामगीते’च्या कर्त्याचे नाव लावणे म्हणजे गावाचे ऋण मान्य करणेच होय. पुढचा शिबीरकाल हिवाळ्यात येईल. प्राचार्यांनी दत्तक गाव निवडताना, मागील शिबिराच्या गावाचे पुढे काय झाले, याची एक पानभर माहिती आधी मागवावी आणि ती त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी.