शस्त्रक्रियेची तारीख कोण ठरवतो?

दसरा उलटला की वडवणी तालुक्यातील वाड्यावस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे टोळ्या निघतात. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घरी म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले एवढीच उरतात. याच सुमारास जिचे दिवस भरत आले आहेत आणि जिचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले आहे, अशा स्त्रीच्या घरी एक प्रश्न उभा राहतो : दुसरी शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला करावयाची? प्रश्न वैद्यकीय आहे हे खरेच. परंतु ही तारीख ठरविताना ज्यांचा शब्द चालतो त्यांत बाळाचे हित बोलणारा कोणी नसतो आणि पुष्कळदा आईलाही विचारले जात नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार दवाखान्याबाहेरही झाला पाहिजे.

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. ठरवून करावयाची शस्त्रक्रिया, अन्य वैद्यकीय कारण नसेल तर, ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरच करावी, असा आज सर्वमान्य दंडक आहे. त्यामागे पुरावा आहे. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांच्या सुमारे १३ हजार नियोजित शस्त्रक्रियांचा अमेरिकेतील १९ केंद्रांत केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. श्वसनाचा विकार, रक्तातील साखर उतरणे, जंतुसंसर्ग किंवा अतिदक्षता कक्षात ठेवावे लागणे यांसारखी आपत्ती ३७ व्या आठवड्यात जन्मलेल्या १५.३ टक्के बाळांवर आली. ३८ व्या आठवड्यात हे प्रमाण ११ टक्के होते आणि ३९ व्या आठवड्यात ८ टक्के. म्हणजे दोन आठवड्यांच्या घाईने धोका जवळजवळ दुप्पट होतो. अमेरिकेतील बाळाला अशा वेळी अतिदक्षता कक्ष जवळ असतो. आपल्या डोंगरपट्ट्यातील बाळाला आधी बीड किंवा अंबाजोगाई गाठावी लागते. आईचा रक्तदाब चढला, रक्तस्राव होऊ लागला, बाळाची वाढ खुंटली किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर असली, तर डॉक्टर लवकरची तारीख देतात आणि ती मान्यच केली पाहिजे. प्रश्न अशी कारणे नसताना केल्या जाणाऱ्या घाईचा आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ३९ आठवडे मोजावयाचे तर मोजणीची सुरुवात निश्चित ठाऊक असावी लागते. शेवटच्या पाळीची तारीख पुष्कळ जणींना नेमकी आठवत नाही. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी हा दिवस ठरविण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग. पुढे बाळ जसजसे वाढते तसतसा हा अंदाज सैल होत जातो. आता दिवाळीत जिचे दिवस भरणार तिचे पहिले तीन महिने फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे हंगामाच्या अखेरीचे, उसाच्या फडात गेलेले असतात. सोनोग्राफीसाठी एक दिवस गेला तर तो खाडा धरला जातो. परिणामी ऑक्टोबरमध्ये ‘३८ आठवडे’ म्हणून जी गर्भावस्था कागदावर येते ती प्रत्यक्षात ३६ आठवड्यांचीही असू शकते.

तारखेवर हक्क सांगणारे मग कोण कोण आहेत? पहिला मान पंचांगाचा. पितृपंधरवडा टाळून घटस्थापनेनंतरचा दिवस मागणे, अमावास्या टाळणे, मूळ किंवा आश्लेषा नक्षत्र नको म्हणणे, हे प्रसूतितज्ज्ञांच्या नित्य परिचयाचे आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत राममूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याच दिवशी आपली शस्त्रक्रिया व्हावी अशी मागणी कानपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात काही गरोदर स्त्रियांनी केल्याचे वृत्त आले होते. कुणाच्या श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नाही. ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर कुटुंबाने सोमवारऐवजी गुरुवार निवडला तर बाळाचे काही बिघडत नाही. परंतु मुहूर्तासाठी बाळाला दोन आठवडे आधी बाहेर काढणे म्हणजे ज्याच्या कल्याणासाठी मुहूर्त पाहावयाचा त्याच्याच जीवावर उदार होणे होय.

दुसरा हक्क खाजगी रुग्णालयाच्या सोयीचा. अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांच्या नोंदींत रविवारी होणारे जन्म इतर वारांहून कमी आढळतात. निसर्गाला रविवार ठाऊक नाही. तो रुग्णालयाच्या वेळापत्रकाला ठाऊक आहे. आपल्याकडील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सरकारी संस्थांतील बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियनने झाली, तर खाजगी संस्थांतील ४७.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ पासून १० ते १५ टक्के हे प्रमाण पुरेसे मानले आहे. खाजगीत गुंतागुंतीच्या रुग्ण अधिक जातात असे म्हटले तरी एवढी तफावत केवळ त्यामुळे पडत नाही. अर्थात दोष केवळ डॉक्टरांचा नव्हे. एका सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपण पुष्कळ जणींना शक्य असते. पण कळा चालू असताना जुनी शिवण फाटण्याचा धोका सुमारे २०० त एकीला असतो. त्यामुळे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्री-अपरात्रीही हाताशी असावे लागते. ते तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर ‘तारीख घ्या आणि मोकळे व्हा’ हाच सल्ला मिळणार.

तिसरा हक्क मुकादमाचा, आणि तो सर्वांत प्रबळ. टोळीत माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते आणि दसऱ्याआधीच ती कर्ज, लग्न, औषधपाणी यांत खर्ची पडलेली असते. बायको घरी राहिली तर कोयता अर्धा होतो आणि उचल मात्र पुरी फेडावी लागते. अशा वेळी शस्त्रक्रिया पंधरा दिवस अलीकडे ओढून घेण्याचा मोह कुटुंबाला झाला तर त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो शुद्ध हिशेब आहे. फक्त त्या हिशेबाची किंमत बाळाच्या फुप्फुसांनी आणि आईच्या पोटाच्या ओल्या टाक्यांनी चुकवावयाची असते, कारण टाके भरून येण्याआधीच डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी चढते.

हा हिशेब केवळ गरिबांचा नाही. ऑस्ट्रेलियन सरकारने १ जुलै २००४ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे ३,००० डॉलर देण्याचे जाहीर केले. जोशुआ गॅन्स आणि अँड्रू ली या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्या तारखेपलीकडे जाण्यासाठी हजाराहून अधिक जन्म पुढे ढकलले गेले. सुखवस्तू देशातही पैशाने जन्माची तारीख हलते. तिथे ती पुढे सरकली. फडाच्या वाटेवर उभ्या असलेल्या घरात तिला मागे खेचणारे बळ आहे.

बीड जिल्ह्याला याचा कडू अनुभव आहे. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथेही पाळी आणि खाडा यांचा संबंध पुढे आला. बाईच्या शरीराला कामाच्या वेळापत्रकात बसविण्याची जी रीत तिथे दिसली, तीच बाळंतपणाच्या तारखेवर दबाव आणते.

उपाय काय? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली. परंतु कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. या टोलवाटोलवीत ऊसतोड स्त्रीच्या वाट्याला एक दिवसही येत नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६,०००. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि सरकारने तेवढीच भर घालावी, असा निर्णय २०२१ साली झाला. राज्यात एका चांगल्या हंगामात १० कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे २०० कोटी रुपये. समजा, वर्षाला २०,००० ऊसतोड स्त्रिया बाळंत होतात आणि प्रत्येकीला ४०० रुपये रोजाप्रमाणे १२ आठवड्यांची भरपाई द्यावयाची. माणशी ३३,६०० रुपये, एकूण ६७ कोटी २० लाख. म्हणजे त्या निधीचा एक तृतीयांश. पैसा नाही ही सबब टिकणारी नाही.

म्हणून तीन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. बाळंतपणाची भरपाई मंडळाने थेट स्त्रीच्या खात्यात जमा करावी. त्या काळातील खाडा उचलीतून वळता करू नये, अशी अट मुकादम आणि कारखाना यांच्यातील करारातच असावी. आणि भूलतज्ज्ञासह चोवीस तास चालणारे शस्त्रक्रियागृह तालुक्याच्या आवाक्यात असावे.

शासन हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. श्रावण-भाद्रपदात आशाताईंच्या मदतीने प्रत्येक वस्तीवर आधी सिझेरियन झालेल्या गरोदर स्त्रियांची यादी करावी. त्यांचे जुने कागद एकत्र ठेवावेत आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : आज नेमके किती आठवडे झाले? ३९ च्या आधीची तारीख मिळाली तर कारण विचारून घ्यावे. कारण असेल तर पाठिंबा द्यावा. आणि संमतीपत्रावर सही बाईची स्वतःची असावी. सज्ञान रुग्ण स्वतः संमती देण्यास समर्थ असताना आईनेही तिच्यासाठी दिलेली संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे. तो खटलाही गर्भाशय काढल्याचाच होता.

आठवडा बाळाचा असावा, वार आईने निवडावा. मुकादमाच्या ट्रकला त्यात स्थान नाही. येत्या दसऱ्याआधी हे वडवणीच्या प्रत्येक तांड्यावर जाऊन सांगणे हे आपले काम आहे.