श्वास मोजावा, मग चूर्ण द्यावे

"कफ वाढला आहे, सितोपलादी चालू ठेवा," हे वाक्य आपल्या चिकित्सालयांतून किती सहज उच्चारले जाते! आम्हीही ते उच्चारले आहे. बारा वर्षांपूर्वी एका आजीबाईंनी दहा महिन्यांचे नातवंड आणले. ज्वर होता, कास होता, स्तनपानाची इच्छा नव्हती. आम्ही जिव्हा पाहिली, मल-मूत्राची चौकशी केली. अंगडे वर करून छाती मात्र पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी "पोट उडतंय हो" म्हणत त्या परत आल्या, तेव्हा मिनिटाला चौसष्ट श्वास भरले. बालक रुग्णालयात वाचले. त्याचे श्रेय आमच्याकडे येत नाही.

वास्तविक वारंवार, थोडा थोडा, सशब्द व सशूल श्वास पाहून प्राणवह स्रोतसांची दुष्टी ओळखावी, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. म्हणजे ही दर्शनपरीक्षाच होय. ती परकी मानण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील दाईंनाही न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले, आकडे न येणाऱ्यांसाठी मण्यांचे श्वासमापक केले. तेथील बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. दाईला जे साधले ते पदवीधर वैद्याला जड का जावे?

दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास असल्यास न्यूमोनिया गृहीत धरावा. त्यास प्रतिजैविक लागते. दोन महिन्यांच्या आतील अर्भक, तसेच छाती आत ओढली जाणारे, दूध सोडलेले वा ग्लानीत गेलेले बालक त्याच घटकेस रुग्णालयात धाडावे. रुग्ण पाठविल्याने शास्त्रास उणेपणा येतो, हा समज आम्हांस मुळीच मान्य नाही. साध्यासाध्यविवेक कशास म्हणतात मग?

औषधी विक्रेत्या बंधूंनीही खोकल्याची बाटली देण्यापूर्वी "बाळाला धाप लागते का?" एवढे विचारावे. न्यूमोकॉकल लस २०२१ पासून देशभर शासकीय लसीकरणात विनामूल्य मिळते, हेही सांगावे. चुलीच्या धुराविषयी पुन्हा केव्हातरी लिहू.

आता आमच्या मेजावर सेकंदकाट्याचे घड्याळ असते. बाळ रडत नसताना, अंगावर पीत नसताना पूर्ण एक मिनिट मोजतो. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करीत नाही. अर्भकांचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. आजीबाईंना तेवढा वेळ गप्प बसविणे, हेच काय ते कठीण.