होडीची ट्रॉली आणि रुसलेले ब्रेक

१ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी लागते. त्याआधी मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावर, उत्तन, पाली, चौक या गावांत होड्या पाण्याबाहेर काढायची एकच धांदल असते. मोठ्या नावा किनाऱ्यावरच शाकारतात. लहान होडी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून अंगणात किंवा दुरुस्तीला नेता येते. एरवी खत आणि भात वाहणारी हीच ट्रॉली खाऱ्या पाण्यात उतरली, की ब्रेकची दुखणी सुरू होतात.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उतारावर ट्रॉली मागून रेटते, आणि घाबरून एकदम ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून रस्त्याला लागताच डावे-उजवे पेडल कडीने जोडा. शेतात वळताना सोडलेली कडी तशीच राहून जाते, हे घरोघरचे दुखणे आहे. उतारापूर्वीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा कारभारी असेल, तर मालकिणीने त्याला तिथेच थांबवावे.

अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. बॅटरीचा प्रवाह मिळताच तो फिरत्या ड्रमला चिकटतो, ओढला जातो आणि आपल्याबरोबर तरफ ओढून ब्रेकशू फाकवतो. अशी ट्रॉली कुणी करून घेतली आणि ब्रेक लागेनासा झाला, तर लगेच चाक खोलू नका. आधी अर्थिंग पाहा.

इथे बरेच जण फसतात. बॅटरीच्या तारेला बल्ब लावतात, तो झकास पेटतो, आणि ‘करंट तर येतोय’ म्हणून चुंबकाला दोष देतात. अहो, इंडिकेटरच्या लहानशा बल्बला प्रवाह लागतो तो किती! एका चुंबकाला मात्र सुमारे ३ अँपिअर लागतात. दोन चाकांचे ६. मीठ लागून हिरव्या पडलेल्या जोडातून बल्बापुरता प्रवाह जातो, चुंबकापुरता जात नाही. म्हणून तारेत अँपिअर-मीटर जोडून मोजा. आकडा फार कमी आला, तर पिन-सॉकेट घासून लख्ख करा आणि ट्रॉलीची परतीची तार स्वतंत्रपणे थेट बॅटरीच्या उणे टोकाला न्या. हुकाच्या गंजलेल्या खिळीवर अर्थिंग सोडणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे. आकडा बरोबर असूनही ब्रेक ढिला वाटला, तरच ड्रम उघडा. लायनर झिजलेले असतील किंवा त्यांवर ग्रीस चढले असेल.

खाऱ्या पाण्याचे आणि विजेचे जमत नाही, म्हणून तिकडेही होडीच्या ट्रेलरला पुष्कळदा ट्रॉलीच्या धक्क्यावर चालणारा तेलाचा ब्रेक पसंत करतात. होडीसाठीच ट्रॉली करणार असाल, तर माझे मतही तेच.

ब्रेक कोणताही असो, पाण्यात घालण्याआधी चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहा. लांबून आल्यावर तो तापलेला असतो. गरम तुंबा एकदम पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी बेअरिंगपर्यंत ओढले जाते. चहा होईपर्यंत थांबा. दिव्यांचे सॉकेट काढून वर बांधा. काम झाले, की गोड्या पाण्याने चाके धुवा आणि हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे शू सुकतील.

पावसाळाभर उभी राहिलेली ट्रॉली नारळी पौर्णिमेला थेट होडी घालून बाहेर काढू नका. ड्रमला गंजाने शू चिकटलेले असतात. आधी अंगणात रिकामीच पुढे-मागे करा, आणि पोरांना मागे उभे राहू देऊ नका.