आपले नाव आपणच घ्यावे

मनामाच्या बाजारात आम्हां सर्वांना एकच नाव आहे : ‘हिंदी’. अरबीत त्याचा अर्थ भारतीय. आम्ही कोणत्या प्रांताचे, कोणत्या जातीचे, हे दुकानदार विचारीत नाही. कुणी ‘रफीक’ अशी हाक मारतो. रफीक म्हणजे सोबती. परंतु ही हाक बहुधा कष्टकऱ्यांच्याच वाट्याला येते, हेही आम्ही जाणतो. तरी या नावांनी आमचे मन दुखावत नाही. ते दुखावते आपलाच देशबांधव प्रथम भेटीत आडनाव विचारून, किंचित हसून, ‘म्हणजे तुम्ही जयभीमवाले!’ असे म्हणतो तेव्हा.

टोपणनावाचे मोल ते कोण देतो यावर ठरते. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटाचे हे नाव स्पॅनिश राज्यकर्त्यांच्या भाषेतले. तेथील माणसे मात्र जगात कोठेही गेली तरी स्वतःला अभिमानाने ‘बोरिक्वा’ म्हणवितात. बेटाच्या मूळ रहिवाशांनी, ताइनो लोकांनी, आपल्या भूमीला दिलेल्या नावावरून तो शब्द आला आहे.

दुसऱ्याने दिलेले नाव गोड असले तरी ते नाकारण्याचा धडा आम्हांला बाबासाहेबांनी दिला. 1938 साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी व कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी त्यास विरोध केला. तो विरोध डावलला जाताच स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आम्हांला ‘बौद्ध’ हे नाव लाभले. ते आम्ही स्वेच्छेने स्वीकारले.

मग महाराष्ट्र शासनाच्या योजनांत आजही छापला जाणारा ‘नवबौद्ध’ हा शब्द आपण स्वतःच्या तोंडी का ठेवावा? धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्यांना आता नातवंडे झाली. त्यांतले ‘नव’ ते काय? अर्जावर तो शब्द लिहिणे भाग असेल तर लिहावा. परिचय देताना मात्र ‘बौद्ध’ एवढेच म्हणावे.

आणि ‘जयभीमवाले’? ते नाव आम्हांला मान्य आहे. हिणविण्यासाठी उच्चारलेल्या त्या शब्दात आमचे अभिवादनच दडले आहे. येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना एवढेच शिकवू या, की कुणी असे म्हणाले तर मान खाली घालू नये; ताठ मानेने उत्तर द्यावे : जय भीम!