गाडी मालकाची, किल्ली कंपनीची

विजेवर चालणारी मोटार म्हणजे कटकटीतून सुटका, अशी तिची ख्याती आहे आणि त्यात तथ्यही आहे. इंजिन नाही, म्हणून ऑइल बदलणे नाही. क्लच नाही, सायलेन्सर नाही. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. मग साठ लाख, दीड कोटी रुपये मोजून अशी गाडी घेणारा ग्राहक डीलरच्या वर्कशॉपमधून कपाळाला आठ्या घालून बाहेर का पडतो?

झिजणारे भाग गेले, पण दोष गेले नाहीत. ते आता इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये दडून बसले. जुन्या गाडीचा बिघाड मेकॅनिकच्या कानाला ऐकू येई. नव्या गाडीत पडद्यावर एक सूचना उमटते आणि गाडी जागची हलत नाही. मोठी बॅटरी चारशे ते आठशे व्होल्टची असली, तरी गाडीचा संगणक आणि दरवाजांची कुलुपे चालतात ती जुन्याच बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. हत्ती गेला आणि शेपूट अडकले, तशी ही गत! ही छोटी बॅटरी चार्ज करणाऱ्या भागातील दोषामुळे ह्युंदाई समूहाला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत जवळजवळ दीड लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांत समूहाच्या ‘जेनेसिस’ या आलिशान गाड्याही होत्या.

अशा वेळी सगळा राग निघतो तो डीलरवर. त्याची बाजूही पाहायला हवी. डीलरच्या नफ्याचा मोठा आधार असतो सर्व्हिसिंग आणि सुटे भाग. विजेच्या गाडीने नेमका तोच आटवला. वॉरंटीतील कामाला किती तास धरायचे, हे कंपनी ठरवते. दोष शोधण्यात गेलेल्या दिवसांचा पुरता मोबदला डीलरला मिळतोच असे नाही. उच्च दाबाच्या बॅटरीला हात लावायला खास प्रशिक्षित माणूस लागतो, आणि असे हात थोडे आहेत. वर, निर्णय त्याच्या हाती नसतोच. तो गाडीला लॅपटॉप जोडतो, माहिती कंपनीला पाठवतो आणि ग्राहकाबरोबर स्वतःही उत्तराची वाट पाहत बसतो.

कधी कधी उत्तर कंपनीकडेही नसते. ‘जग्वार’च्या ‘आय-पेस’ गाड्यांच्या बॅटरीला आग लागण्याचा धोका दिसल्यावर २०२३ मध्ये अमेरिकेतील मालकांना गाडी घरापासून दूर, उघड्यावर ठेवायला सांगण्यात आले. सॉफ्टवेअर बदलूनही धोका टळेना. अखेर २०२४ मध्ये २०१९ सालच्या मॉडेलच्या सुमारे २,७६० गाड्या विकत परत घेण्याचा निर्णय कंपनीला घ्यावा लागला. तिथे बिचारा डीलर काय करणार?

‘श्रीमंतांची दुखणी, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणून पान उलटू नये. एअरबॅग आधी महागड्या गाडीतच आली आणि मग आपल्या गाडीत. दुरुस्तीची ही नवी रीतही तशीच खाली उतरणार. बॅटरीची वॉरंटी बहुधा आठ वर्षांची असते. त्यानंतर ती गाडी सेकंडहँड घेणाऱ्या कुटुंबाने कुठे जायचे? आणि नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने काय करायचे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०२० मध्ये यावर कौल दिला. गाडीने बिनतारी पाठवलेली दुरुस्तीची माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या मेकॅनिकला मिळालीच पाहिजे, असा तो कौल होता. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय हाती घेतला आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर, विक्रेत्यावर आणि सेवा देणाऱ्यावरही टाकली आहे. पण दुरुस्तीची माहिती खुली करणे कंपन्यांना बंधनकारक झाल्याखेरीज हा हक्क हाती येणार नाही.

तोवर ग्राहकाने शोरूममध्ये रंग निवडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. बॅटरीचे काम करणारे प्रशिक्षित कारागीर इथे किती आहेत? गाडी अडकून पडली तर बदली गाडी मिळेल का? आणि ही उत्तरे लेखी देणार का? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला, तर गाडी घेण्याची घाई करू नये. पैसे आपले, नोंदणी आपल्या नावावर आणि उघडण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा, अशा वस्तूचे आपण मालक की नुसते भाडेकरू?