पुस्तक मिळतं हो, नाव कोण सांगणार?

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न गेले काही महिने मी भेटेल त्या मराठी माणसाला विचारतेय. गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर, मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीत वाट बघताना, दुबई-लंडनच्या मैत्रिणींशी फोनवर बोलताना. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. पहिलं, ‘वाचायला वेळच मिळत नाही गं.’ दुसरं, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, पुलं किंवा वपु, आणि तेही बहुतेक तिसऱ्या-चौथ्यांदा. तिसरं उत्तर एखाद्याच बहाद्दराकडून येतं, ते म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाचं नाव.

जुनं पुस्तक पुन्हा काढून वाचण्यात काहीच वावगं नाही. परदेशात दिवसभर दुसऱ्या भाषेत बोलून घरी आल्यावर पुलंकडे जाणं हे माहेरी गेल्यासारखंच असतं. पण ‘नवीन काही का नाही वाचत?’ असं पुढे विचारलं की हमखास ऐकू येतं, ‘इथे मराठी पुस्तकं कुठे मिळतात?’ आज माझं म्हणणं या वाक्याबद्दल आहे. एके काळी ते शंभर टक्के खरं होतं. आता राहिलेलं नाही.

खरं होतं तेव्हाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तेवीस किलोची बॅग. त्यात मेतकूट, भाजणी, लोणच्याच्या बरण्या, बाकरवडी, मुलांचे कपडे. काट्यावर वजन जास्त भरलं की सगळ्यात आधी बाहेर यायची ती पुस्तकं. त्यातूनही जी चार येऊन पोचायची, ती गावातल्या दहा मराठी घरांतून फिरून पार खिळखिळी होऊन परत यायची.

पुढे चित्र बदललं. बुकगंगासारख्या संकेतस्थळांवर ई-पुस्तकं मिळू लागली, छापील पुस्तकं परदेशातही मागवता येऊ लागली. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आलं. २०१७मध्ये स्टोरीटेल भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनाही गाडी चालवताना किंवा पोळ्या लाटताना कादंबरी ऐकायची सोय झाली. आज एखादं मराठी ई-पुस्तक मस्कतला काय आणि मिनेसोटात काय, दोन मिनिटांत फोनवर येतं. वाहतुकीचा प्रश्न जवळजवळ सुटला.

मग अडतंय कुठे? अडतंय ते नावाशी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दुसरंच काही आणायला गेलं तरी नजर पुस्तकांवर पडते. रविवारच्या पुरवणीत परीक्षण येतं, गावातल्या वाचनालयात बाई ‘हे घेऊन जा, चांगलं आहे’ म्हणून पुस्तक हातात ठेवतात, संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात लेखकच समोर उभा असतो. न शोधता पुस्तक सापडण्याच्या या सगळ्या वाटा आहेत. आपल्यासमोर मात्र फोनवरची एक रिकामी चौकट असते. तिच्यात आपण काय टाइप करणार? जे नाव माहीत आहे तेच. आणि दुकानही जास्त खपणारं पुस्तक वर दाखवतं, म्हणजे पुन्हा तीच ओळखीची मंडळी. ‘मिळत नाही’ याचा आजचा अर्थ ‘नाव माहीत नाही’ एवढाच आहे.

उदाहरणच घ्यायचं तर मराठीतले अलीकडचे साहित्य अकादमी पुरस्कार बघा. २०२०चा नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. २०२१चा किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला, २०२२चा प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला आणि २०२३चा कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळाला. यातली किती नावं आपल्या कानांवर आली होती? पुरस्कार मिळाला म्हणजे पुस्तक थोर, असं नाही. पण तिकडे ही नावं निदान पेपरात आली, त्यांच्यावर चर्चा झाल्या, वाद झाले. आपल्या फोनवर त्या आठवड्यांत शुभेच्छांची चित्रं येत राहिली.

यात आपलं काय बिघडतं, असं कोणी विचारेल. माझ्या मते बरंच बिघडतं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यातला महाराष्ट्र तिकिटावरच्या तारखेला थांबलेला आहे. कोणाचा १९८५चा, कोणाचा २००४चा. भाषाही तिथेच थांबते. सुट्टीत गेल्यावर भाचरं आपल्या मराठीला हसतात ती काही उगीच नाही. आणि तरीही आरक्षण, शेती, पाणी, मुंबई-पुण्याची वाढ, मराठी शाळा या सगळ्यांवर आपली मतं मात्र ठाम असतात, आणि ती बनतात व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या चार ओळींवर. ‘रिंगाण’ धरणापायी गावातून उठवलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावरांची गोष्ट सांगतं. आपण गाव सोडलं ते आपल्या मर्जीनं, हातात ऑफर लेटर घेऊन. ज्यांना तशी मर्जी विचारलीच गेली नाही त्यांचं मराठी वाचताना, ‘आम्ही देश सोडला’ या आपल्या नेहमीच्या वाक्यातला सूर जरा खाली येतो. चार ओळींच्या फॉरवर्डनं हे होत नाही.

आता त्या तिसऱ्या उत्तरवाल्यांकडे वळते. त्यांना पुस्तकं सापडली कशी, हेही मी प्रत्येकाला विचारलं. जवळजवळ सगळ्यांच्या उत्तरात आधी एक माणूस आला. कोणाची आत्या निवृत्त शिक्षिका, ती दर महिन्याला एक नाव कळवते. कोणाचा कॉलेजातला मित्र तिकडे वाचनालय चालवतो. कोणाची वहिनी पुस्तक संपलं की त्याबद्दल दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकते. पुस्तक डिजिटल असलं तरी ते येतं ओळखीतूनच.

ही ओळख जरा व्यवस्थित बांधली तर काय होतं, ते ‘ग्रंथ तुमच्या दारी’नं दाखवून दिलंय. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९मध्ये ही योजना सुरू केली. पुस्तकांची एक पेटी, ती सांभाळणारं एक घर आणि आसपासची वाचणारी कुटुंबं. काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्याकडे जाते. या पेट्या दुबईसह अनेक देशांत पोचल्या आहेत. तिची खरी किमया अशी, की पेटीतली पुस्तकं आपण निवडलेली नसतात. न मागितलेलं पुस्तक हातात येतं, म्हणजे वाचनालयातल्या बाईच सातासमुद्रापार आल्या म्हणायच्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. ती साठ वर्षांहून जुनी असूनही फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या आई-वडिलांना रेशनवरचा अमेरिकन गहू आठवत असेल, ‘पी. एल. ४८०’चा. त्या धान्याचे पैसे भारतानं रुपयांत चुकते केले आणि ते अमेरिकी सरकारच्या खात्यात भारतातच साठत गेले. त्यातल्या काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवायची, असं ठरलं. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२मध्ये दिल्लीत कचेरी उघडली. गव्हाचे रुपये संपल्यावर ग्रंथालयांनी स्वतःचे पैसे घालून हे काम चालू ठेवलं. त्यामुळे शिकागो, पेनसिल्व्हेनिया, कोलंबिया अशा विद्यापीठांत आजही मराठी पुस्तकांची मोठी कपाटं आहेत. आपल्या गावच्या साध्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ‘इंटरलायब्ररी लोन’ची विनंती केली, तर त्यातलं पुस्तक आपल्या गावात येऊ शकतं. दर वेळी येतंच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

एक गोम मात्र आहे. वर्ल्डकॅटच्या सूचीत मराठी नावं रोमन लिपीत आणि ग्रंथपालांच्या नियमानं लिहिलेली असतात. ‘च’साठी ‘सी-एच’ नव्हे, नुसता ‘सी’. ‘सी-एच’ म्हणजे त्यांच्या लेखी ‘छ’. ‘श’ला टिंब-रेघ सोडून दिली तर नुसता ‘एस’ उरतो. ‘चाळ’ आपल्या सवयीनं शोधलीत तर सापडणार नाही आणि आपण म्हणणार, बघा, नाहीच मिळत.

आता थोडं कडू. पुस्तकाचं नाव सांगितलं की लगेच येणारा प्रश्न, ‘पीडीएफ आहे का?’ विचारणारा डॉलरमध्ये, पौंडात, दिरहममध्ये कमावणारा. मराठीत कादंबरीची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची, कधी त्याहूनही लहान. तीही वर्षानुवर्षं संपत नाही. एका कॉफी-सँडविचच्या पैशांत येणारं पुस्तक फुकट मागायचं आणि वर ‘मराठीत आता पूर्वीसारखं कोणी लिहीत नाही’ अशी खंत करायची, हे शोभत नाही. तिकडे लिहिणाऱ्यापर्यंत आपल्या प्रेमाचा पुरावा पोचायचा तर तो विकत घेतलेल्या प्रतीतूनच पोचतो.

भारतातून हे सदर वाचणाऱ्या आई-बाबांना, काका-मावश्यांना एक विनंती. ‘इकडून काय पाठवू?’ हे तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता. लाडू पाठवाच, पण जोडीला एका पुस्तकाचं नावही पाठवा. आमच्या वेळचं अभिजात नको. सध्या तुमच्या उशाशी जे आहे ते. आवडलं नसलं तरी सांगा, का नाही आवडलं तेही सांगा. दर रविवारी हवापाण्यावर आणि गुडघेदुखीवर बोलून झालं की फोनवर शांतता पसरते, तिथे दोघांनी वाचलेलं एक पुस्तक फार कामाला येतं.

आणि परदेशातल्या वाचकांना विनंती अशी, की या सदरासाठी पाच ओळी लिहून पाठवा. सध्या काय वाचताय, लेखक कोण, प्रकाशक कोण, ते तुमच्यापर्यंत कसं पोचलं आणि कोणाला वाचायला द्याल. अर्धवट सोडलेलं पुस्तकही चालेल, फक्त कुठल्या पानावर आणि का सोडलंत ते लिहा. अट एकच, पुस्तक २०१० नंतरचं हवं. आलेल्या ओळी इथेच छापू. त्यातलं एखादं नाव कोणाच्या तरी रिकाम्या चौकटीत टाइप होईल.